बारा एकर माळावर किती गाई? कुरण राखण्याचा आणि चराईचा पायरी-पायरीनं हिशोब

"बारा एकर माळ आहे, किती गाई बसतील?" वैशाख उतरणीला लागला की हा प्रश्न हमखास येतो. कुणी चार सांगतं, कुणी आठ. सगळीच उत्तरं चुकतात, कारण प्रश्नात दिवस नाहीत. पुढं मी ज्या माळाचा हिशोब मांडलाय त्या बारा एकरांवर आठ गाई बसतात, पण जेमतेम दीड महिना. एक गाय बसते, ती वर्षभर. माळ तोच, गवत तेच.

हे लिहिलंय ते माण, खटाव, आटपाडी, सांगोला, जत अशा ५०० मिलिमीटरच्या आसपास पावसाच्या भागात, स्वतःच्या मालकीच्या माळावर खिल्लार पाळणाऱ्यांसाठी. घाटमाथ्यावर किंवा कोकणात आकडे बदलतील, क्रम तोच राहील. गायरानाला हे लागू नाही. तिथं तुम्ही गवत राखलं तर ते शेजाऱ्याच्या म्हशी खातात. त्याला ग्रामसभेचा ठरावच लागतो, चराईबंदीचा, हिवरे बाजार गावात झाला तसा.

## आधी जुळवाजुळव

हे सगळं मे महिन्यात हाताशी हवं. पाऊस पडल्यावर धावपळ केली तर पहिल्या दोन पायऱ्या राहून जातात, आणि पुढच्या पायऱ्या त्यांच्यावरच उभ्या आहेत.

- मोजायची लांब फीत, इंचाची
- आतून बरोबर १ मीटर × १ मीटर बसेल अशी लोखंडी सळईची चौकट. गावातला वेल्डर अर्ध्या तासात करून देतो.
- धारदार विळा, आठ गोणपाटं, आणि ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा
- बाभळीचे किंवा बोरीचे काटेरी फांटे, दोन-तीन बैलगाड्या तरी
- वही. मोबाइलमधल्या नोंदी पुढच्या वर्षी सापडत नाहीत, असा माझा अनुभव.

## १. माळ चालून कागदावर उतरवा

सातबाऱ्यावर बारा एकर असलं तरी जनावर सातबारा खात नाही. उताऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, वेगळा लिहिलेला असतो. कुरणाच्या बाबतीत त्याहून जास्त जमीन बाद होते. एक दिवस मोकळा काढा, माळाच्या कडेकडेनं चाला, मग आडवे-उभे चाला, आणि कागदावर तीन प्रकार वेगळे करा.

पहिला, खोलगट आणि माती असलेला भाग. इथं मारवेल, पवन्या ही गवतं सापडतात. दुसरा, मुरमाड उतार, जिथं बहुतेक कुसळी गवतच असतं. तिसरा म्हणजे खडक, पायवाटा, ओढ्याची घळ, घाणेरीची जाळी. हा तिसरा भाग हिशोबातून सरळ काढून टाका. तिथं गवताची चार पाती असतात, पण ती न धरलेली बरी.

आमच्या उदाहरणात ५ एकर मातीचे, ४ एकर मुरमाड, ३ एकर बाद. म्हणजे बारा एकराचे झाले नऊ.

चालताना आणखी एक बघा. तरवड आणि टाकळा किती माजलाय? जनावरं ह्या दोन्हींना सहसा तोंड लावत नाहीत. गवत ओरबाडून संपलं की त्या जागी हेच येतात. दर दहा पावलांवर तरवड लागत असेल, तर तुमच्या माळावर गेली काही वर्षं जनावरं जास्त होती. हे ओळखायला कुणा अधिकाऱ्याची गरज नाही.

सावध: घाणेरी मे महिन्यातच मुळासकट काढा. पोट भरलेलं जनावर तिच्याकडं बघत नाही, उपाशी जनावर मात्र खातं. मग कावीळ होते आणि उन्हात कातडी सोलपटते.

## २. जनावरांची वजनं काढा

डोक्यांची मोजणी सोडा, वजन मोजा. खोंड, कालवड, भाकड गाय, दुभती गाय ह्यांचं खाणं सारखं कसं असेल?

जनावर सपाट जागी, चारी पायांवर सरळ उभं करा. फीत पुढच्या पायांच्या लगेच मागून, वशिंडाच्या मागच्या बाजूनं छातीभोवती घ्या. फीत अंगाला लागली पाहिजे, रुतली नाही पाहिजे. हा झाला घेर. मग खांद्याच्या पुढच्या हाडापासून ढुंगणाच्या टोकाच्या हाडापर्यंत सरळ लांबी.

घेर × घेर × लांबी ÷ ६६० = वजन किलोत (सगळी मापं इंचात).

घेर ६६ इंच आणि लांबी ५४ इंच असेल तर ६६ × ६६ × ५४ = २,३५,२२४. भागिले ६६०, म्हणजे ३५६ किलो. पाच-सात टक्के इकडंतिकडं होतं, चालतं.

जनावर रोज आपल्या वजनाच्या साधारण अडीच टक्के कोरडा चारा खातं. त्यामुळं सगळ्या जनावरांच्या वजनांची बेरीज करा आणि तिला ४० नं भागा. येईल तो तुमच्या दावणीचा रोजचा खप, कोरड्या चाऱ्यात. वरची गाय रोज ९ किलो, तशा चार गाई रोज ३६ किलो.

सहा महिन्यांवरचं वासरू मोजणीत धरायचं. हे बहुतेकजण विसरतात आणि दिवाळीनंतर चारा कुठं गेला म्हणून शोधत बसतात. शेळ्या असतील तर आठ-नऊ शेळ्यांना एक गाय धरा. "शेळ्या काय, पाला खातात" हे ऐकायला बरं वाटतं. पावसाळ्यात त्याच शेळ्या गवताचा कोवळा शेंडा आधी खुडतात.

## ३. चार भाग, पाणी आणि कुंपण

माळाचे चार भाग पाडा. चारही भाग एकराला सारखे नकोत, गवताला सारखे हवेत. मातीचा भाग छोटा, मुरमाड भाग मोठा.

कुंपणाला जे हाताशी आहे ते वापरा: दगडाची ताल, चिलार, घायपात. आतल्या वाटण्यांना सौर झटका मशीनची एक-दोन पदरी तार पुरते. खिल्लारानं दोनदा नाक लावलं की तिसऱ्यांदा ते तारेजवळ जात नाही. पण पहिले दोन दिवस गोठ्याजवळच्या छोट्या जागेत तारेची ओळख करून द्या. एकदम माळावर सोडलं तर ते तार घेऊन पळतं.

सावध: झटका मशीन न लावता विजेच्या लाइनवरून थेट तारेत करंट सोडणं हा गुन्हा आहे आणि त्यानं माणसं मरतात. दर पावसाळ्यात बातमी येते, तरी लोक करतात.

पाणी प्रत्येक भागातून गाठता आलं पाहिजे. उन्हाळ्यात मोठं जनावर दिवसाला ४० ते ६० लिटर पाणी पितं. हौद एकाच कोपऱ्यात असेल तर त्या कोपऱ्याची दशा सगळ्यांनी पाहिलेली आहे: भोवती धूळ, आणि लांबच्या टोकाला गुडघाभर वाळलेलं गवत तसंच उभं. हौद हलवता येत नसेल तर मिठाची वीट हलवा. ती पाण्यापासून लांब, जिथं गवत शिल्लक राहतं तिथं ठेवा. जनावर चाटायला तिकडं जातं आणि जाता-येता चरतं. इतकी स्वस्त युक्ती असून ती करणारा माणूस मला क्वचितच दिसतो. वीट बहुतेकांनी हौदावरच ठेवलेली असते.

## ४. काटे टाकून चौकोन झाका

पहिल्या पावसाच्या आधी हे झालं पाहिजे. आपल्याला मोजायचंय ते वर्षभरात एकूण किती गवत आलं ते. जनावरं खाऊन उरलेलं मोजून उपयोग नाही. म्हणून काही जागा जनावरांपासून वाचवायच्या.

मातीच्या भागात चार आणि मुरमाड भागात चार, अशा आठ जागा घ्या. जागा निवडू नका. निवडायला गेलात की पाय आपोआप चांगल्या गवताकडं वळतात. पाठमोरे उभे राहून डोक्यावरून दगड मागं भिरकवा. पडेल तिथं दीड मीटरभर जागेवर काटे रचा, मध्ये खुंटी ठोका, खुंटीला रंगीत चिंधी बांधा. ऑगस्टमध्ये गवत वर आलं की चिंधी नसलेला चौकोन सापडत नाही.

तपासा: फांटे इतके दाट नकोत की खाली ऊन पोचणार नाही. जनावराचं तोंड आत जाऊ नये, एवढंच पाहायचं.

## ५. मृगात दार बंद

सगळ्यात जास्त लोक चुकतात ते इथं.

मृगाचा पाऊस पडतो, आठ दिवसांत माळ हिरवा दिसायला लागतो आणि जनावरं सोडली जातात. त्या वेळी गवताच्या ठोंबानं वर काढलेली पाती मुळात साठवलेल्या अन्नावर आलेली असतात. ती खुडली की ठोंब पुन्हा मुळातलंच काढून दुसरी पाती काढतो. ती पण खुडली की संपलं. पुढं पाऊस चांगला झाला तरी तो ठोंब उठत नाही. तिथं टाकळा येतो, आणि लोक म्हणतात पाऊस कमी झाला.

शिवाय त्या हिरवळीत जनावराच्या पोटात जातं ते जवळजवळ पाणीच. दिवसभर हिंडून संध्याकाळी कूस खोल, शेण पातळ.

म्हणून पहिल्या पावसापासून सहा ते आठ आठवडे कुरण बंद. आमच्याकडं पाऊस वेळेवर असेल तर १० ऑगस्टच्या सुमारास दार उघडतं. ह्या काळात जनावरं दावणीला, कडब्यावर. चार गाईंना ६० दिवस × ३६ किलो, म्हणजे २,१६० किलो चारा जूनच्या आधी गंजीत पाहिजे. तुमच्या पेंढ्या किती होतात ते बघायला दहा पेंढ्या काट्यावर टाका. एक पेंढी दोन किलोची समजून गंज लावली आणि ती सव्वा किलोचीच निघाली, तर जुलैतच दार उघडावं लागतं.

ह्याच बंद काळात, खरं तर पावसाच्या आधीच, घटसर्प आणि फऱ्याच्या लसी टोचून घ्या. जंताचं औषधही आत सोडण्यापूर्वी द्या.

सावध: चारा नाहीच, सोडावंच लागणार, अशी वेळ आली तर चारही भागांत हिंडवू नका. एक भाग बळी द्या, तीन वाचवा.

## ६. आत कधी, बाहेर कधी

तारीख नुसती अंदाजाला. दार उघडायचं ते गवत बघून, आणि त्याच्या दोन परीक्षा आहेत.

पहिली उंचीची. मारवेल, पवन्यासारखं उंच वाढणारं गवत दीड वीत झालं की आत, मूठभर उरलं की बाहेर. मूठ म्हणजे जमिनीवर उभी ठेवलेली बंद मूठ, साधारण चार इंच. पाच-सहा ठिकाणी खाली बसून मूठ लावा. उभ्या उभ्या नजरेनं ठरवलं की गवत नेहमी जास्तच दिसतं.

दुसरी ओढून बघायची. चिमटीत पाती धरा आणि गाय जिभेनं ओढते तसा हिसका द्या. पातं तुटलं तर ठोंब तयार आहे. मुळासकट हातात आला तर अजून दहा दिवस थांबा. गाय दिवसभर नेमकं हेच करणार आहे.

पहिले सात-आठ दिवस सकाळी दावणीला वाळला चारा द्या आणि मग सोडा. आधी दोन तास, मग चार, मग दिवसभर. पोटातली पचनाची घडी बसायला तेवढा वेळ लागतो. कोवळा शेंगवर्गीय पाला जास्त असेल आणि त्यावर दव असेल, तर उपाशी जनावर कधीच सोडू नका, पोट फुगतं.

आता फिरवायचं कसं? चारपैकी एक भाग दर वर्षी बी पडेपर्यंत पूर्ण बंद ठेवायचा. ह्या वर्षी पहिला, पुढच्या वर्षी दुसरा, चार वर्षांनी फेरा पूर्ण. उरलेल्या तीन भागांचे तारेनं सहा तुकडे करा. एका तुकड्यात सहा दिवस, मग पुढचा तुकडा. म्हणजे प्रत्येक तुकड्याला तीस दिवस विश्रांती मिळते.

सहा दिवसांपेक्षा जास्त का नको? खुडलेलं पातं चांगल्या ओलीत आठवड्याभरात पुन्हा दोन बोटं वर येतं, आणि गाईला तेच गोड लागतं. शेजारी वीतभर गवत असताना ती कोवळ्या फुटव्याकडं वळते. एकाच ठोंबावर दुसऱ्यांदा तोंड पडायच्या आत तिला तिथून हलवायचंय.

तपासा: सहा दिवस झाले नाहीत आणि मूठ लागली, तर लगेच हलवा. सहा दिवस झाले आणि गवत अजून वीतभर आहे, तरी हलवा. जोराचा पाऊस सुरू असेल आणि काळ्या मातीच्या भागात खूर रुतत असतील, तर तेवढे दोन दिवस मुरमाड तुकड्यात काढा.

## ७. दसऱ्याला कापा, वाळवा, मोजा

हस्ताचा पाऊस संपला, गवत फुलोऱ्यातून बीत आलं, की वाढ थांबली. ह्याच दिवसांत मोजणी करायची. आधी केली तर पुढची वाढ धरली जात नाही, दिवाळीनंतर केली तर पाती गळून गेलेली असतात.

काटे बाजूला करा. चौकट गवतावरून खाली सरकवून जमिनीला टेकवा. बाहेरच्या ठोंबाची आत झुकलेली पाती बाहेर काढा, आतल्या ठोंबाची बाहेर गेलेली आत घ्या. विळ्यानं जमिनीपासून एक बोट ठेवून सगळं कापा. मग खाली बसून निवडा: तरवड, टाकळा, काटेकुटे, माती बाजूला. फक्त जनावर खाईल ते गोणपाटात. गोणपाटावर चौकोनाचा नंबर लिहा.

ऑक्टोबरच्या उन्हात पाच-सहा दिवस वाळवा, रोज वरखाली करा. वजन करा, दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. दोन्ही वजनं सारखी आली की वाळलं.

पहिल्या वर्षी मी ह्याच पायरीत फसलो. गवत हाताला वाळलेलं लागलं, तिसऱ्या दिवशीच काट्यावर टाकलं. आकडा जवळजवळ दीडपट आला. त्या आनंदात कार्तिकीच्या बाजारातून दोन कालवडी आणल्या. फेब्रुवारीत त्यांच्यासाठी उसाचं वाढं विकत आणत होतो.

एका चौरस मीटरचे जितके ग्रॅम आले त्याला ४ नं गुणा, ते एकरी किलो. एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर, त्यामुळं हा गुणाकार जवळजवळ तंतोतंत बसतो.

## ८. हिशोब मांडा

समजा, मातीच्या भागातले चार चौकोन २९०, २४०, २८० आणि २३० ग्रॅम भरले. सरासरी २६०, म्हणजे एकरी १,०४० किलो. पाच एकरांचे ५,२०० किलो.

मुरमाड भागातले १५०, ९०, १३०, ११०. सरासरी १२०, एकरी ४८० किलो, चार एकरांचे १,९२० किलो.

एकूण ७,१२० किलो. ह्यातलं अर्धंच आपलं. उरलेलं अर्धं ठोंबाचं, वाळवीचं, तुडवणीचं, आणि मातीवर पडून पुढच्या पावसाचं पाणी अडवण्याचं. इथं घासाघीस करायची नाही. "साठ टक्के घेतलं तर?" असं विचारणारे पुढच्या वर्षी माती मोजतात.

आपले आले ३,५६० किलो. एका गाईला रोज ९ किलो, म्हणजे सुमारे ३९५ गाय-दिवस (एक गाय-दिवस म्हणजे एका गाईचा एका दिवसाचा चारा). ह्या माळाची खरी ऐपत एवढीच. गाय-दिवस कसेही खर्च करा, वाढत नाहीत.

चार गाई असतील तर १० ऑगस्ट ते १० ऑक्टोबर ह्या दोन महिन्यांत त्यांनी २,१६० किलो खाल्लं. शिल्लक १,४०० किलो, ते ३९ दिवस पुरेल. १८ नोव्हेंबरच्या सुमारास कुरण संपलं. तिथून पुढच्या १० ऑगस्टपर्यंत २६५ दिवस, आणि लागणारा चारा साडेनऊ टन.

दोनच गाई असतील तर त्या दोन महिन्यांत १,०८० किलो. शिल्लक २,४८० किलो, ते १३७ दिवस पुरेल, म्हणजे फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत. त्यापुढं १६७ दिवस, चारा लागेल तीन टन.

गाई अर्ध्या केल्या तर बाहेरचा चारा अर्ध्यावर यायला हवा, असं वाटतं. तो तिसऱ्या हिश्शाच्याही खाली आला. दुष्काळी पट्ट्यात पैसा जातो तो ह्याच फरकात, आणि तो वहीत मांडल्याशिवाय दिसत नाही.

तपासा: चौकोनांच्या आकड्यांत फार तफावत असेल (एक ८०, दुसरा ३००) तर भाग नीट वेगळे केलेले नाहीत. पहिल्या पायरीचा कागद पुन्हा काढा.

## ९. निर्णय ऑक्टोबरमध्येच

हिशोबात जनावर जास्त निघालं तर ते ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये विका. पावसाळ्याचं खाऊन अंगावर मांस असतं, कातडी चमकत असते, आणि घेणाऱ्याकडंही चारा असतो. सांगोल्याचा रविवारचा बाजार आहे, कार्तिकीला पंढरपूरजवळ वाखरीचा आहे. मार्चमध्ये तेच जनावर हाडांसकट मोजलं जातं.

२०१५ पासून राज्यात गाईबरोबर बैल आणि वळूंच्याही कत्तलीवर बंदी आहे. त्यामुळं म्हाताऱ्या किंवा भाकड जनावराला घेणारा दुसरा शेतकरीच शोधावा लागतो, आणि तो उन्हाळ्यात सापडत नाही. कायदा बरा की वाईट हा वाद इथं नको. तुमच्या गाय-दिवसांच्या हिशोबात तो धरावा लागतो, एवढंच. भाकड गाय रोज तेवढेच ९ किलो खाते.

विकायचं नसेल तर चारा आत्ताच ठरवा. रब्बीच्या ज्वारीचा कडबा उभ्या पिकात बोलून ठेवा. गरज लागेल तेव्हा आणू म्हणणारा एप्रिलचा भाव देतो.

## १०. कोरड्या दिवसांतली चराई

वाढ थांबल्यावर फिरवण्याचा नियम सैल होतो. आता विश्रांती दिली तरी गवत वाढणार नाही. तुकडे ठेवा, पण ते रेशनसारखे, महिन्याला एक. मूठ लागली की बाहेर, हे मात्र उन्हाळ्यातही. पाऊस पडेल तेव्हा जमिनीवर ती मूठभर काडी नसेल तर पहिल्या सरीतच माती ओढ्यात.

डिसेंबरनंतर उभं गवत पोट भरतं, अंग भरत नाही. त्यातली प्रथिनं फुलोऱ्यानंतर झपाट्यानं उतरतात. जनावर रवंथ करत बसलेलं दिसतं आणि तरी बरगड्या वर येतात. अशा वेळी थोडी सरकी पेंड आणि रोज ३० ते ५० ग्रॅम खनिज मिश्रण दिलं तर तेच वाळलं गवत जास्त पचतं. किंवा चाऱ्याला युरियाची प्रक्रिया करा: १०० किलो वाळल्या चाऱ्याला ४ किलो युरिया ४० ते ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थरावर थर शिंपडून, हवाबंद झाकून २१ दिवस. उघडल्यावर वास उडेपर्यंत पसरून ठेवा.

सावध: सहा महिन्यांखालच्या वासराला हा चारा अजिबात नाही. युरियाची गोणी आणि त्याचं पाणी जनावराच्या तोंडाच्या टप्प्यात ठेवू नका.

कापून ठेवायचं गवत सप्टेंबरअखेर, निम्मं फुलोऱ्यात असताना कापा. कुसळी तर कुसळ कडक व्हायच्या आधीच. बहुतेक ठिकाणी कापणी दिवाळीनंतर होते, मजूर मोकळे होतात म्हणून. तेव्हा गंजीत जाते ती काडी. कापलेला प्रत्येक किलो वरच्या "आपल्या अर्ध्यातून" वजा करायला विसरू नका, आणि कापतानाही मूठ सोडाच.

सावध: ज्वारी काढल्यावर रानात सोडताना खोडव्याला कोवळे फुटवे आलेत का ते आधी बघा. पाण्याचा ताण बसलेल्या फुटव्यांनी किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, आणि डॉक्टर येईपर्यंत जनावर जातं.

माळ पेटवायचा नाही. "जाळलं की कोवळं येतं" हे खरं, पण तुमची पुढच्या पावसाची मूठ आणि पडलेलं बी त्यात जातं. शेजारून वणवा येऊ नये म्हणून फेब्रुवारीआधी कडेनं दहा-बारा फूट पट्टा साफ करून ठेवा.

## ११. उघड्या पडलेल्या जागा

ही पायरी शेवटी, कारण आधीच्या न करता बी टाकणारे दर वर्षी बी टाकतात. नुसतं राखूनच बऱ्याच जागा दोन पावसाळ्यांत भरतात. ज्या भरत नाहीत तिथंच खर्च करा.

समतल चर असतील तर त्यांच्या बांधावर, नाहीतर विळ्यानं ओरखडलेल्या जमिनीवर, पहिला चांगला पाऊस झाल्यावर स्टायलो ह्या शेंगवर्गीय चाऱ्याचं बी टाका. बी टणक असतं. ८० अंशाच्या पाण्यात चार मिनिटं ठेवून लगेच गार पाण्यात टाका, रात्रभर भिजवा, सकाळी सावलीत सुकवा. पाणी उकळलं की चुलीवरून उतरवून थोडं थांबा, मग बी. उकळत्या पाण्यात सोडलेलं बी शिजतं आणि दुकानदाराला शिव्या बसतात. फेकून पेरायला एकरी चार किलो पुरतं. मातीत पुरू नका, झुडपाची फांदी ओढून नुसतं झाका.

मारवेलचं बी विकत घेण्यापेक्षा तुमच्याच माळाच्या चांगल्या कोपऱ्यातले ठोंब खणा, पाती वीतभर ठेवून छाटा, ठोंब फोडून मुळासह दोन-तीन काड्यांचे तुकडे करा आणि भुरभुर पाऊस असताना दीड-दोन फुटांवर लावा. ऊन पडलं असेल त्या दिवशी लावू नका, संध्याकाळपर्यंत वाळतात.

पेरलेला किंवा लावलेला भाग पहिल्या वर्षी चराईला पूर्ण बंद. तोच त्या वर्षीचा "बी पडेपर्यंत बंद" असलेला चौथा भाग धरा, म्हणजे वेगळा भाग राखावा लागत नाही. पुढच्या जूनमध्ये तिथं दोन नवे चौकोन काट्यांनी झाका आणि वहीत त्यांच्यापुढं खूण करा. त्यांचे ग्रॅम मुरमाड भागाच्या सरासरीत मिसळायचे नाहीत.